पाल्यावरचा भंडारा

दिपालीच्या हातचं पाणी उजळतं आणि दुसऱ्या कुणाच्या हातचं उजळत नाही, ही गोष्ट पहिल्यांदा ऋतुराजच्या लक्षात आली. ऋतुराजच्या लक्षात आलेली गोष्ट त्याच्या पोटात राहिली, असं आजवर घडलेलं नाही. दुपारच्या चहापर्यंत विभागातल्या शिपायापासून विभागप्रमुख विशाखा मॅडमपर्यंत सगळ्यांना ती कळली होती.

पाणी म्हणजे कसलं, ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल जादूटोण्याची गोष्ट लावली. दिपाली संभाजीनगरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची पीएचडी करत होती. हिवराच्या झाडाचा वाळलेला, कुटलेला पाला पाण्यात कालवायचा, पोलादाच्या जाड डब्यात गच्च बंद करायचा आणि भट्टीत तासन्‌तास ठेवायचा. आत पाल्याचा कोळसा होतो, पण इतका बारीक की त्याचे कण गाळणीतून सुद्धा निसटतात आणि पाण्यातच राहतात. कार्बनचे ठिपके म्हणतात त्यांना. ते गाळलेलं पाणी जांभळ्या दिव्याखाली धरलं की चमकतं. एवढ्यावर कुणी पीएचडी देत नाही. पुढची गंमत अशी, की मक्याला बुरशी लागली की तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष दाण्यात उतरतं. ते डोळ्यांना दिसत नाही, भाकरी भाजून जात नाही आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृत नासवतं. असल्या मक्याचा अर्क दिपालीच्या पाण्यात टाकला की चमक झपकन उतरायची. चांगल्या मक्याचा टाकला तर पाणी जसंच्या तसं. म्हणजे उद्या करमाडच्या बाजारात मका उतरला की पोत्याशेजारीच निकाल लागणार, अशी सगळी आशा.

दिपालीचे मार्गदर्शक काकासाहेब सर तर हवेतच होते. घरची बागायत जमीन असलेला माणूस, मक्याचं दुखणं त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. शुद्ध विष विकत आणायचं तर महाग, वर परवानग्यांची कटकट, म्हणून त्यांनी बुरशीचा मकाच वापरायला सांगितलं. "मका तर मका. लोक काय शुद्ध विष खातात का?" असं म्हणून ते स्वतःच हसायचे. शोधनिबंध छापून आला. सरांनी विभागात पेढे वाटले.

आणि मग दुसऱ्या गावच्या एका प्रयोगशाळेचं म्हणणं आलं, की आम्ही तुमच्या कृतीनं सगळं केलं, पाणी थोडंसं निळसर चमकतं, पण विषारी मक्यानं त्याला काही होत नाही. सरांनी उडवून लावलं. त्यांना धुताच आला नसेल पाला, म्हणाले. म्हणून ऋतुराजनं, जो दिपालीच्याच टेबलाशेजारी दुसऱ्या विषयावर काम करायचा, सहज म्हणून गमतीत तो प्रयोग करून पाहिला. त्याचंही पाणी निळसर. दिपालीचं हिरवट पिवळं, डोळ्यांत भरेल असं.

"क्या जादू है तेरे हाथ में?" तो म्हणाला. हसत म्हणाला, पण सगळ्यांसमोर म्हणाला.

विशाखा मॅडम हसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी समिती नेमली. समिती म्हणजे त्या स्वतः, काकासाहेब सर आणि बाहेरून बोलावलेले एक निवृत्त प्राध्यापक. मॅडमनी हिवराचा पाला स्वतः तोडून आणवला, स्वतःच्या देखत धुववला, आणि दिपालीला म्हणाल्या, "कर." दिपालीनं प्रयोग केला. भट्टीतून डबा निघाला, पाणी गाळलं, दिव्याखाली धरलं. निळसर. मक्याचा अर्क टाकला. पाणी ढिम्म. मग मॅडमनी दिपालीची जुनी बाटली मागवली, ती, जिच्यावर निबंध छापला होता, आणि ऋतुराजला ती, आत काय काय मिसळलंय ते सांगणाऱ्या यंत्रात लावायला सांगितली. यंत्रानं जे दाखवलं ते पाहून ऋतुराजचं सुद्धा तोंड बंद झालं, यावरून काय ते समजा.

बाटलीत रंग होता. कापड रंगवतात तो पिवळा रंग. भट्टीत बराचसा जळून गेलेला, पण उरलेला चमकायला पुरेसा.

"तू रंग टाकलास?" काकासाहेब सरांनी विचारलं.

"नाही सर."

"मग कुणी टाकला?"

दिपालीनं खरोखरच काही टाकलं नव्हतं. पण हे ज्याच्या बाटलीत रंग सापडतो तो प्रत्येक जण म्हणतो. मॅडमनी तिला आठवडाभराची मुदत दिली. खुलासा झाला नाही तर नोंदणी रद्द, निबंध मागे, आणि कारणाच्या जागी एकच शब्द लिहिला जाणार होता, फसवणूक. पीएचडी गेली तर माणूस शिकवण्या घेऊन पोट भरतो. नावापुढं तो शब्द लागला तर शिकवण्याही कुणी देत नाही. शिवाय सूर्यभान धनगराची पोर शिकून मोठी होऊ राहिली, असं तिच्या गावाकडं, करमाडच्या पंचक्रोशीत, लोक एकमेकांना सांगायचे. ते सगळे आता दुसरं काहीतरी सांगणार होते.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकतो, जी दिपालीला अजून दिसत नव्हती. पाला येत होता तिच्या घरून. करमाडच्या पलीकडं, गायरानाच्या कडेला त्यांची वस्ती. वडील सूर्यभान मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने बाहेर. घरी आई बानाबाई, भाऊ शिवशंकर, त्याची बायको आणि त्यांची दुडदुडणारी लेक. निबंधात लिहिलं होतं, 'पाला धुवून, सावलीत वाळवून, कुटून घेतला.' कुणी घेतला, ते लिहिलं नव्हतं. ते बानाबाई करायची. लेकीचं काम म्हणून उखळ आधी घासून घ्यायची, पाला निवडून निवडून धुवायची, कुटून वस्त्रगाळ करायची आणि कापडी पिशवीत भरायची. मग शेजारचा कडुबा वाळूजला कंपनीच्या पाळीला निघाला की त्याच्या हाती पिशवी शहरात यायची. घरचं स्वच्छ असतं, म्हणून दिपालीनं तो पाला पुन्हा कधी धुतला नाही. आणि पिशवीचं तोंड बांधायच्या आधी बानाबाई काय करायची, हे लहानपणापासून रोज बघत आलेल्या दिपालीला एकदाही आठवलं नाही. धनगराच्या घरातून कामाला निघालेली वस्तू भंडाऱ्याशिवाय निघत नाही. मेंढरं निघाली, लग्नाचा बस्ता निघाला, नवी मोटरसायकल निघाली, सगळ्यांवर मल्हारीचं नाव घेऊन पिवळी चिमूट पडते. ती चिमूट कुणी जिन्नस म्हणून मोजत नाही. परीक्षेच्या पेपरावर 'पाल्यात काय काय होतं' असा प्रश्न आला असता तरी दिपालीनं भंडारा लिहिला नसता. आशीर्वाद कुणी पदार्थात लिहितं का?

घरी गेली तेव्हा तिनं कुणाला काही सांगितलं नाही. नुसतीच उंबऱ्यावर बसून राहिली.

"काय झालं गं? तोंड कशापायी उतरलं?" बानाबाईनं विचारलं.

"काही नाही, माय. काम लई आहे."

"मग ने की पाला. कालच कुटून ठिवलाय."

बानाबाईनं पिशवी आणली, सारखी केली, देव्हाऱ्यातला भंडाऱ्याचा डबा उघडला, "येळकोट" म्हणत चिमूट पाल्यावर सोडली आणि चांगल्या सैल हातानं दुसरी चिमूट सोडली. लेक उदास दिसली म्हणून दुसरी. पिशवीला गाठ मारायला लागली तोच दिपालीनं तिचा हात धरला.

"माय, हे काय टाकलंस?"

"भंडारा. काय म्हंजी?"

"दरवेळी टाकतेस?"

"आगं बाई! न टाकता कसं धाडीन? तू बारावीला बसलीस तवा तुझ्या कंपासपेटीत बी टाकला व्हता. इसरलीस का काय?"

दिपालीला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं. हळद! हळदही चमकते, हे तर पहिल्या वर्षाच्या पोरांना ठाऊक असतं. पण यंत्रानं हळद म्हटलं नव्हतं, रंग म्हटलं होतं. तिनं भंडारा बोटावर घेऊन चोळला, वास घेतला. हळदीचा वास नव्हता. खडूचा होता.

"हा कुठून आणला?"

"तुझे आबा आणत्यात जत्रंतून. दोन वर्सं झाली, आता देवळाबाहेर बसतो एक, त्याच्याकडनं. पिवळाजर्द असतो बघ. पहिला असा नव्हता."

दिपालीनं पुडी बांधून घेतली आणि त्याच पावली शहर गाठलं. ऋतुराज यंत्रापाशीच होता. त्याच्याकडं जायला तिला जड गेलं, पण दुसरं कुणी तिच्या हातची पुडी यंत्रात लावायला तयार झालं नसतं. त्यानं मुकाट्यानं लावली. पुडीत पीठ होतं, खडूची भुकटी होती, कापडाचा रंग होता. हळद औषधाला नव्हती. बाटलीतला रंग आणि पुडीतला रंग यंत्राला एकच वाटत होता.

"यार," ऋतुराज म्हणाला, "हे लोक कपाळाला लावतात."

"जिभेवर पण ठेवतात," दिपाली म्हणाली. आणि म्हटल्यावर तिला घरातली दुडदुडणारी पोर आठवली. मग मात्र ती थांबली नाही.

वस्तीवर पोचली तेव्हा बानाबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीचं कपाळ पिवळं, ओठ पिवळे. दिपालीला वाटेत वाटलं होतं की आईला हे हळूहळू, समजावून सांगावं. देवाच्या वस्तूला खोटं म्हणायचं म्हणजे खेळ नाही. पण पोरीचे ओठ बघून ते सगळं राहिलं बाजूला.

"माय, ह्यो भंडारा नाय. कापडाचा रंग हाय. पोटात गेला तर वाईट." गावात पाय ठेवला की तिची भाषा आपोआप बदलायची.

बानाबाईनं पदराचं टोक ओलं केलं, नातीचं तोंड उघडलं आणि जीभ पुसली. पोर भोकाड पसरून रडायला लागली. बानाबाई पुसतच राहिली, ओठ, हिरड्या, पुन्हा जीभ, पदर पिवळा व्हायचा थांबेपर्यंत.

"सारी वस्ती खाती," ती शेवटी म्हणाली. "मी वाटला. दर रविवारी माझ्याच हातानं वाटला." मग त्या जत्रेतल्या दुकानदाराला तिनं अशा काही शिव्या दिल्या की त्या इथं लिहिता येणार नाहीत. देवाला एकही दिली नाही. लेकीकडं वळून म्हणाली, "तुझ्या पाल्यात बी ह्योच गेला?"

"व्हय."

"म्हून तोंड उतरलं व्हतं."

मग दिपालीनं सगळं सांगितलं. समिती, बाटली, तो शब्द, सगळं. आणि शेवटी म्हणाली, "पण तुझं नाव नाय घ्यायचं मी. हसतील ते. म्हणतील, हिची आई पाल्यावर अंगारे धुपारे करते आन् ही त्याच्यावर शास्त्र लिहिती. मी सांगीन, पिशवी वाटेत कुठंतरी उघडली असंल."

खरं सांगायचं तर लाज आईची नव्हती वाटत तिला, लाज वाटत होती ती त्या लोकांच्या हसण्याची, आणि ते हसणं बानाबाईच्या वाट्याला येऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं. पण बानाबाईला मेंढरं सांभाळून एवढं कळत होतं, की कळपाला लांडगा लागला तर मागं वळून बघावंच लागतं.

"उघडली तर रंग कुणी टाकला, असं इचारतील का नाय?"

दिपालीनं मान हलवली.

"मंग तूच टाकला असं व्हईल. नाहक चोर ठरशील. मी येते."

"माय, तिथं सगळे इंग्रजीत बोलतात."

"बोलू दे. मला काय त्यांच्याशी सोयरीक करायचीय?"

समितीपुढं बानाबाई नऊवारी नेसून, भंडाऱ्याचा डबा मांडीवर घेऊन बसली. दिपालीनं पुडीचा निकाल सांगितला, पाला कोण धुतं, कोण कुटतं ते सांगितलं, आणि पिशवीचं तोंड कसं बांधतात ते पण. विशाखा मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाहेरचे प्राध्यापक खोकल्याच्या निमित्तानं रुमालात हसले. काकासाहेब सर नाही हसले. त्यांच्या स्वतःच्या घरी पेरणीच्या आधी तिफणीला हळदकुंकू लागायचं, ते त्यांना आठवलं असावं.

"मावशी," मॅडम म्हणाल्या, "सांगून भागणार नाही. इथं धुतलेला पाला आहे. तुम्ही घरी जसं करता तसंच आमच्यासमोर करा. मग तो आम्ही शिजवून बघू."

बानाबाईनं डबा उघडला, चिमूट घेतली आणि हात तसाच अधांतरी धरला.

"तसंच नाय व्हायचं."

"का?"

"घरी मी त्याचं नाव घिऊन टाकते. आता ठावं झालं का ह्यो खोटा हाय. खोट्यावर त्याचं नाव कसं घिऊ?"

"नाव नाही घेतलं तरी चालेल," बाहेरचे प्राध्यापक म्हणाले.

"तुम्हाला चालंल, साहेब," बानाबाई म्हणाली.

बानाबाईनं डोळे मिटले, ओठ घट्ट दाबून धरले आणि चिमूट पाल्यावर टाकली. आयुष्यात पहिल्यांदा देवाचं नाव न घेता टाकली असेल. हात लुगड्याला पुसून ती बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. दिपालीला आत उभं राहवेना, पण प्रयोग तिचा होता, तिला राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी भट्टीतला डबा उघडला. पाणी गाळलं. जांभळ्या दिव्याखाली ते हिरवट पिवळं, लखलखीत उजळलं. बुरशीच्या मक्याचा अर्क टाकला आणि चमक झपकन उतरली. ऋतुराजनं तर टाळीच वाजवली. काकासाहेब सरांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा दिपालीकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे रंगामुळं का होईना, विष ओळखतंय की! अगं, रंगच मोजून टाकू. नवा निबंध होईल." त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पेढे दिसायला लागले होते.

मॅडम सुद्धा विचारात पडल्या. दिपालीला तिथं गप्प बसता आलं असतं. कुणी काही म्हटलं नसतं, नाव वाचलं होतं, वर कामही वाचत होतं. पण रात्रभर तिच्या मनात एकच शंका घोळत होती, आणि ती शंका काही तिला सोडेना.

"सर, लिंबू टाकून बघू या," ती म्हणाली.

"लिंबू? कशाला?"

"बुरशीचा मका आंबतो. रंग विषाला बघून उतरतो का आंबटपणाला, ते बघायला."

कँटीनमधून लिंबू आलं. दिपालीनं आपल्याच हातानं थेंब टाकला. त्यात विष नव्हतं, मका नव्हता, बुरशी नव्हती. चमक झपकन उतरली, अगदी तशीच.

काकासाहेब सर खुर्चीत बसले. तीन वर्षांचं काम कँटीनच्या लिंबानं निकालात काढलं होतं, आणि ते लिंबू मागवलं होतं जिचं काम होतं तिनंच. दिपालीला रडू येत होतं. तिनं ते आवरायचा प्रयत्न केला नाही.

तेवढ्यात बानाबाई दारात येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही व्हरांड्यात बसून बसून तिचा जीव टांगणीला लागला होता. आत लेक रडताना बघून तिनं सरळ मॅडमलाच विचारलं, "बाई, माझी पोर खरी का खोटी, तेवढं सांगा. बाकीचं इंग्रजी मला नका सांगू."

विशाखा मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्या कुणासाठी उठत नसत.

"तुमची मुलगी खरी आहे, मावशी. आम्ही लेखी देऊ. पण तिचं पाणी खोटं निघालं."

"पाणी ना?" बानाबाईनं लेकीचं तोंड आपल्या पदरानं पुसलं. "पाण्याचं काय एवढं? ते तिला दुसरं करता येतं."